आतून रंधा मारलेली पेटी

"पेटी मपली, रंग मपला, नाव मपलं. तुपल्या पोटात कामून दुखतंय?"

शांतवन ओहोळ अंगणात उकिडवा बसून बोलत होता. एका हातात पांढऱ्या रंगाचं डबडं, दुसऱ्या हातात केस झडलेला ब्रश, आणि पुढ्यात काळी रंगवलेली मोठी लाकडी पेटी. झाकणावर त्यानं नुकतंच लिहिलं होतं, 'एस. बी. ओहोळ, अहमदनगर'. अक्षरं अजून ओली होती.

"दुखतंय तर दुखतंय," त्याची बायको नलिनी स्टोव्हपाशी बसून म्हणाली. हात बाजरीच्या पिठात होते, म्हणून पेटीकडं नुसती हनुवटी करून बोलत होती. "रिकाम्या पेटीवर नाव घालीत नसत्यात, ह्ये मला कुनी शिकवलं? तुम्हीच ना? आधी पेटी भरायची, मंग खिळं ठोकायचं, मंग नाव. आन् रिकाम्या पेटीवर आधी नाव कुनाचं घालत्यात, ते बी तुम्हीच सांगितलंय."

"सांगितलं व्हतं. मंग?"

"मंग पुसा ते."

"आगं येडे, आपुन प्रभूची मान्सं. आपल्याला कसला शकुन न् कसला अपशकुन? तू अजून मांजार आडवं गेलं की थांबतीस. पाळकसायबाला सांगू का येत्या रविवारी?"

"सांगा की. त्यांची बायको बी थांबती. म्या पाह्यलंय."

शांतवन खो खो हसला. हसताना ब्रशाचा एक थेंब झाकणावर सांडला, तो त्यानं अंगठ्यानं टिपला आणि अंगठा पायजम्याला पुसला. उंबऱ्यावर त्यांची लेक कांचन कपबशा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत बसली होती. दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली पोर. ती म्हणाली, "पापा, मम्मी गलत क्या बोल रही है? पोंछ दो ना."

"मराठीत बोल. नगरला गेल्यावं तुपलं हिंदी कोन ऐकनार? आज्जी म्हनंल, ही कुन्या कर्नलाची पोरगी धरून आनली."

"सीख लूँगी ना वहाँ जाके. पक्का."

"तू पाळन्यात व्हती तव्हापासून ह्ये पक्का चाललंय."

मे महिन्याची दुपार होती. चंडीगडला ह्या दिवसांत वारा सुटतो तो भट्टीतून काढल्यासारखा. नलिनीनं ही दुपार पुढं आयुष्यभर सांगितली. सांगताना ती ह्या हसण्यापाशी थांबायची, पदरानं तोंड पुसायची आणि आधीच सांगून टाकायची, की त्या संध्याकाळी हा माणूस जिवंत घरी आला नाही. "ऐकनाराला उगं शेवटपत्तुर टांगून कामून ठिवायचं?" म्हणायची. आणि मग मागं जायची.

मागं म्हणजे पार घोडेगावापर्यंत. शांतवन तिथल्या जवळच्या वाडीचा. जमीन म्हणावी तर कपाळाएवढी. नगरला मिशनच्या वसतिगृहात राहून सुतारकाम शिकला, तिथंच लष्कराच्या कॅम्पात चिकटला. लग्न झालं, आणि वर्षाच्या आत बदली झाली ती थेट चंडीमंदिरच्या छावणीत. नलिनीला सांगितलं, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे. ती दोन-तीन वर्षं कांचन दहावीला गेली तरी संपली नाहीत.

चंडीगड त्याला कधी पटलं नाही. "ह्या गावाला गल्लीच न्हाई," म्हणायचा. "समदे सरळ रस्ते. मानसानं भांडायचं कुढं न् लपायचं कुढं?" म्हणून त्यानं बिऱ्हाड केलं ते मनीमाजऱ्यात, जुन्या वस्तीत, जिथं गल्लीही होती आणि भांडणंही. एका सरदारणीच्या घरामागच्या दोन खोल्या आणि पुढं अंगण. सगळे तिला बीजी म्हणत, म्हणून हेही म्हणू लागले. सुरुवातीला संध्याकाळी शांतवन बाजाची पेटी काढून बसला, नलिनीनं टाळ धरले आणि दोघांनी मराठी भजन सुरू केलं, तेव्हा बीजी काठी टेकत आली. नलिनीला वाटलं, आता खोली सोडा म्हणते. बीजी खाली बसली, डोक्यावर ओढणी घेतली आणि संपेपर्यंत हलली नाही. शब्द एक कळला नाही तिला. उठताना म्हणाली, "नाम तां ओस्सेदा ही है ना." नाव तर त्याचंच आहे ना. त्यानंतर रविवारी भजनाला उशीर झाला तर बीजीच हाका मारायची.

भाषेच्या बाबतीत माणूस हट्टी. छावणीत पुण्यामुंबईकडची साहेबांची कुटुंबं असत. त्यातल्या एका मेजरची बायको, सुमेधाबाई, त्याच्याकडून पेट्या करून घ्यायला आली तेव्हा हसून म्हणाली, "ओहोळ, इतकी वर्षं इथे राहिलात, पण तुमची बोली काही सुधारली नाही हो."

"बाईसायेब," शांतवन पट्टीनं फळी मोजत म्हणाला, "ती काय बदलीवं थोडीच आलीय? ती कायमची हाये."

सुमेधाबाईंनी ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगितली, हेही खरं.

आता त्या पेट्यांचं. लष्करात माणसाचा संसार पेट्यांत असतो. दर दोन-तीन वर्षांनी बदली, की भांडी, पुस्तकं, पोरांची खेळणी, सगळं लाकडी पेट्यांत भरायचं. पेटी काळी रंगवायची आणि वर पांढऱ्या अक्षरात नाव, हुद्दा, कुठं जायचं ते गाव. छावणीच्या सुतारखान्यात वर्षभर हेच काम. चिडाचं, म्हणजे पाइनचं लाकूड, राळेचा वास, पायात घोटाभर सालपटं. नाव घालायचं ते पेटी भरून खिळे ठोकल्यावर. कारण भरेपर्यंत कोणती पेटी कुणाची आणि कुठं जाणार हे ठरत नाही. ह्याला एकच अपवाद होता. एखादा जवान गेला, आणि त्याचं सामान घरी पाठवायचं असलं, तर पेटी करतानाच नाव घालायचे. मालकच नाही म्हटल्यावर सामानात सामान मिसळायला नको, एवढाच त्यामागचा हिशेब. पण सुतारखान्यात रिकाम्या पेटीवर नाव दिसलं, की हातातली बिडी आपोआप खाली जायची.

गेलेल्या जवानांच्या ह्या पेट्यांना शांतवन आतून रंधा मारायचा. तसा रिवाज नव्हता. बाहेरून गुळगुळीत करायची, आतून करवतीनं कापलेली फळी तशीच. सुपरवायझर ओरडायचा, "ओहोळ, अंदर से किसने देखना है?" शांतवन म्हणायचा, "देखना नहीं साहब. हाथ डालना है." घरी नलिनीला त्यानं नीट सांगितलं होतं. "त्याची आई त्या पेटीत हात घालनार. डोळ्यात पानी आसनार, दिसनार काय तिला? एक एक कापड चाचपून काढनार. तव्हा कुसळ घुसायला नको तिच्या बोटात. तेवढं तरी आपल्या हातात हाये."

रंधा मारून झाला की तो पेटीत वाकायचा आणि तळाला तळहात टेकवून तसाच राहायचा. ओठ हलायचे. एकदा कांचन शाळा सुटल्यावर डबा न्यायला सुतारखान्यात गेली होती, तिनं विचारलं, "पापा, क्या कर रहे हो?"

"कुसळ हाये का बघतोय."

"इतनी देर?"

"बारीक कुसळं लवकर घावत न्हाईत."

प्रार्थना करतोय असं तो कधीच कुणाला म्हणाला नाही. चर्चमध्येही मागच्या बाकावर बसायचा, साक्ष द्यायला उभा राहिला नाही कधी. देवाचं काम त्यानं देवाच्या आणि स्वतःच्या मध्ये ठेवलं. घरी मात्र रोज संध्याकाळी गुडघे टेकायचे, ह्यात सूट नव्हती. आणि प्रार्थना लांबलचक. घोडेगावची म्हातारी आई, तिचा मोतीबिंदू, बीजी, बीजीची म्हैस, पाळकसाहेब, नाक्यावर उन्हात उभा असलेला पोलीस, निरंजनसिंगचा गुडघा. कांचन डुलक्या खायची. "पापा, शॉर्ट में करो ना, भगवान को सब पता है."

"त्याला ठावं हाये गं. आपुन इसरतो, म्हून नावं घ्यायची."

निरंजनसिंग त्याच्या शेजारच्या मेजावरचा मिस्त्री. पिढीजात सुतार, हाताला शांतवनपेक्षा सफाई, तोंडाला त्याहून. दोघं एकाच डब्यात जेवायचे. "तेरी बाजरे की रोटी खा के मेरे दाँत बन्दूक हो गए," म्हणायचा, आणि रोज दुसरी भाकरी मागायचा. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात दिल्लीला त्याचा धाकटा भाऊ गेला. कसा गेला ते त्या दिवसांत विचारावं लागत नव्हतं. निरंजनसिंग कामावर येईना, तेव्हा शांतवन त्याच्या घरी गेला. काय बोलणार? त्याच्या हत्यारांची पिशवी ओढली, अंगणात दगड घेऊन बसला आणि एकेका पटाशीला धार लावत राहिला. सगळ्या हत्यारांना धार लावून झाली, तसा उठून सलाम करून आला. पुढच्या आठवड्यात निरंजनसिंग कामावर हजर झाला.

ते दिवसच तसे होते. दुकानं दिवे लागायच्या आत शटर ओढायची. रस्त्यावर वाळूच्या पोत्यांचे नाके. शांतवनला रोज जाता-येता सायकलवरून उतरून पिशवी उघडावी लागायची, रोज रंधा बाहेर काढून दाखवावा लागायचा. सकाळच्या पेपरात रोज नावं. नलिनी त्या नावांना धसकली होती. बाहेर आवाज झाला की तिचा हात कामात थांबायचा. टायर फुटला तरी थांबायचा. "आपल्याकडं चला," ती रोज म्हणायची. "कोरडी भाकर खाऊ, पन आपल्याकडं चला." शेवटी त्यानं बदलीचा अर्ज केला, आणि ह्या उन्हाळ्यात तो मंजूर झाला. नगर. त्याच कॅम्पात, जिथून तो आला होता. अंबाल्याहून झेलम गाडी थेट नगरला जाते, तिची तिकिटं काढली. साहेबानं त्याला कामावरून मोकळं केलं, सुतारखान्यानं चहा-समोसा केला, निरंजनसिंगनं मिठी मारताना पाठीत गुद्दा घातला.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या केल्या, आता पहिल्यांदा स्वतःच्या. अंगणात फळ्या मांडून तो सकाळपासून गाणी म्हणायचा. नलिनी सांगायची, लग्नात बी येवढा खूश नव्हता. पहिली पेटी रंगवून झाली आणि त्याला दम निघाला नाही. घातलं नाव. तिच्या मते हीच त्याची चूक, आणि चूक कशानं झाली तर आनंदानं. त्याला ती अक्षरं सारखी वाचायची होती, बाकी काही नाही. 'अहमदनगर'.

त्याच दुपारी निरंजनसिंग आला आणि शांतवन त्याच्याबरोबर सुतारखान्यात गेला. तिथं त्यानं एका पेटीचं काम पुरं केलं. परत येताना बाजारात थांबला. आपल्या पेट्यांना कुलपं घ्यायची होती. एक कुलूप हातात धरून तो दुकानदाराला म्हणत होता, की हे फार कडक लागतंय, दुसरं दाखव. तेवढ्यात स्कूटरवरून दोघं आले, दुकानांच्या रांगेवर गोळ्या झाडत पुढं गेले, आणि वळणावरून दिसेनासे झाले. कुणाचं नाव-गाव विचारलं नाही, धर्म विचारला नाही. दुकानदार वाचला. शांतवन कुलपांच्या ढिगावर पडला. सायकल तशीच स्टँडवर उभी होती, हँडलला पिशवी, पिशवीत रंधा.

पोलिसानं पिशवी घरी आणून दिली तेव्हा बीजी दारात होती. तिनं ओरडून छाती बडवली, त्यावरून नलिनीला कळलं. नलिनी रडली नाही लगेच. स्टोव्ह बंद केला. कांचनला म्हणाली, "कपबशा राहू दी." मग खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सगळं शहर बंद. लाकडाच्या वखारी बंद, बाजार बंद, रस्त्यावर पोलीस. नलिनीला त्याला नगरला न्यायचं होतं. तिकडं त्याच्या बापाची कबर होती, तिच्या शेजारी म्हातारीनं आपली जागा ठरवून ठेवली होती, तिथंच पलीकडं. पण मे महिन्याचं ऊन, गाडीला लागणारा वेळ, बर्फ मिळेना, अंबाल्यापर्यंत कोण नेणार ते कळेना. पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "बहन जी, यहीं पर..." तिनं मान हलवली. अहो, काय करणार होती?

पण दफनाला पेटी पाहिजे. आणि लाकूड कुठंच नाही.

निरंजनसिंग अंगणात येऊन उभा होता. सकाळपासून उभा होता म्हणे, आत येत नव्हता. भिंतीकडं तोंड करून. कालची गोळी त्यानं झाडलेली नव्हती, पण पगडी बघून गल्लीतले दोघं-तिघं त्याच्याकडं जसं बघत होते, तसं बघणं त्याला पहिल्यांदा मिळत नव्हतं. शेवटी नलिनीच बाहेर आली.

"भरजाई जी," वहिनीला हाक मारावी तसं तो खाली बघत म्हणाला, "मैं ले के गया था उसको. रंग का डब्बा लेने आया था मैं. उसको लेने नहीं आया था."

"म्हायती हाये मला," ती म्हणाली. मग हिंदीत, तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत, "पेटी कौन करेगा?"

त्याची नजर अंगणातल्या काळ्या पेटीवर गेली, आणि भिंतीला उभ्या केलेल्या फळ्यांवर. तिची पण गेली. दोघांनाही एकदमच सुचलं, आणि दोघांनाही ते सुचलेलं बोलवेना.

"करो," नलिनी म्हणाली. "खोलो उसको. अंदर से रंधा मारना."

निरंजनसिंग पेटीपाशी बसला. झाकण काढलं. आत हात घातला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवला, आणि तसाच थांबला. बराच वेळ त्याची पाठ हलत होती. मग म्हणाला, "भरजाई जी, ये तो पहले से मारा हुआ है."

स्वतःच्या पेटीलाही मारला होता. तिच्या हातासाठी, पोरीच्या हातासाठी. भिंतीला लावलेल्या फळ्यासुद्धा दोन्ही अंगांनी गुळगुळीत. निरंजनसिंगला करायचं होतं ते एवढंच, की मोठ्या पेटीचे खिळे काढायचे, लांबीला नव्या फळ्या जोडायच्या. तो करत राहिला. मध्येच पिशवीतून शांतवनचा रंधा काढला, पात्याला अंगठा लावून बघितला आणि दगड मागून घेतला. धार होती तरी लावत बसला.

झाकण बसवताना मात्र अडला. काळ्या फळीवर पांढरी अक्षरं. हातात रंधा धरून त्यानं विचारलं, "नाम छील दूँ? गाँव का नाम... यहाँ का तो नहीं है."

आदल्या दुपारी तिनं स्वतः म्हटलं होतं, पुसा ते. आता पुसा म्हणाली असती तर तो शब्द तिला जन्मभर खायला उठला असता, आणि नको म्हणायला तोंड उघडत नव्हतं. उंबऱ्यावरून कांचनचा आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पापांनी घातलंय ते."

नाव राहिलं. फक्त निरंजनसिंगनं झाकण उलटं बसवलं. काळी बाजू आत, रंध्याची स्वच्छ बाजू बाहेर. का, ते त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. पेटीत ठेवायच्या आधी नलिनी वाकली, तळाला तळहात टेकवला. कुसळ नव्हतं. तिला काही प्रार्थना सुचली नाही, तिनं नुसती त्याची नावं घेतली, तो घ्यायचा त्या क्रमानं. म्हातारी, मोतीबिंदू, बीजी, म्हैस, पाळकसाहेब, नाक्यावरचा पोलीस, निरंजनसिंगचा गुडघा. कांचनवर आली आणि तिथं मोडली.

चंडीगडच्या दफनभूमीत त्याला ठेवलं. पाळकसाहेबांनी पंजाबीत प्रार्थना केली, बीजी डोक्यावर ओढणी घेऊन उभी राहिली, सुमेधाबाई आणि मेजर आले, आणि सुतारखाना सगळा. खाली जमिनीत आतल्या अंगाला 'अहमदनगर' लिहिलेली पेटी गेली. जाणाऱ्याला वाचता येईल अशी.

नलिनी आणि कांचन काही दिवसांनी झेलमनं नगरला आल्या. सामान गाठोड्यांत बांधून. पेट्या नव्हत्या. पुढं कॅम्पात नलिनीला शिवणखात्यात काम मिळालं. लष्करी शर्टांना बटणं लावता लावता डोळे गेले तिचे. कांचन शिक्षिका झाली, पोरांना मराठी शिकवते, आणि रागावली की बापाच्या बोलीत रागावते. पण हे सगळं नलिनी घाईनं उरकायची. तिला त्या दुपारीच परत जायचं असायचं. ऐकणारा उठायला लागला, की त्याचा हात धरून म्हणायची, "थांबा की. तो अजून गेला न्हाई."

तर त्या दुपारी अक्षरं अजून ओली होती, आणि निरंजनसिंग सायकल भिंतीला टेकवून आत आला.

"ओहोळ भाई, वो सफेद रंग का डब्बा दे दे. सुतारखाने का है, तू उठा लाया."

"उठा लाया क्या? माँग के लाया," शांतवन म्हणाला. "मी गेल्यावं तुमच्याकडं रंगवायचं काय ऱ्हायलंय?"

"नाम डालना है एक."

शांतवनचा ब्रश थांबला. नलिनीच्या थापेतली भाकरी थांबली.

"किसका?"

"लांस नायक था. कल नाके पे... उसका बाप आया है सामान लेने. बूढ़ा है. बाहर बैठा है, पानी भी नहीं पी रहा. शाम की गाड़ी है उनकी."

"पेटी झाली?"

"हो गई. बस नाम रह गया."

"आतून मारला?"

निरंजनसिंगला तेवढं मराठी येत होतं. तो डोकं खाजवायला लागला. "टाइम कहाँ है यार. घुटना मेरा देख. अंदर झुकना पड़ता है."

शांतवन उठला. नलिनी भाकरी तव्यावर टाकून पुढं आली. "तुम्ही कुढं निघालात? तुमची ड्यूटी संपली. साहेबानं चहा पाजून मोकळं केलंय."

"मोकळा म्हंजी काय, हात बी त्यांच्याकडं जमा केले का?"

"उन्हाचं? ह्या दिवसात? दुसरा कुनी करंल की."

"कोन करंल? ह्याचा गुडघा बघ. आन् म्हातारा वझं उचलून जानार, त्याची बायको घरी वाट बघत बसलेली आसंल. ती हात घालनार का न्हाई पेटीत?" तो आत गेला, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली हत्यारांची पिशवी काढली. बांधलेल्या सामानातून एवढी पिशवीच त्यानं बाहेर ठेवली होती. "लई वेळ न्हाई लागायचा. येताना कुलपं घिऊन येतो. आपल्या पेट्यांना."

"मंग जेवून जा."

"भाकर दी हातावं."

तिनं तव्यावरची गरम भाकरी दिली, वर ठेचा. त्यानं उभ्या उभ्या डोळे मिटले, ओठ हलवले, आणि पहिला घास मोडून निरंजनसिंगपुढं धरला. "खा. दाँत बन्दूक."

"पापा," कांचन म्हणाली, "बाहर बहुत गरम है. टोपी लेके जाओ."

"मराठीत."

"टोपी."

"टोपी काय?"

"टोपी... घाला."

"बघ गं, येतंय तिला," तो नलिनीला म्हणाला, आणि टोपी घातली. ओल्या पेटीकडं एकदा वळून बघितलं. "त्याला हात लावू नका. वाळंस्तवर."

दोघं सायकली ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथं शांतवन थांबला. पिशवी उघडून आत हात घातला, चाचपून बघितलं. रंधा होता. भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, पायजम्याला हात पुसले आणि सायकलवर टांग मारून कामाला गेला.